ब्रोमेलियाडवर शिंजीर यावा म्हणून: सोलापूरच्या उन्हात काय आधी करायचं, काय नंतर

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मला एकच प्रश्न येतो. "नर्सरीतून लालभडक ब्रोमेलियाड आणलं, गॅलरीत लावलं, दोन महिने झाले, एकही पक्षी फिरकला नाही, आता तर पानं पण करपायला लागलीत, काय चुकलं?" आणि चूक जवळजवळ नेहमी तीच असते, लोकं उलट्या क्रमाने चालतात. आधी झाड आणतात, तेही फुललेलं, मग पक्ष्याची वाट बघतात. खरं तर आधी पक्षी आणायचा, मग त्याच्या रोजच्या रस्त्यात झाड ठेवायचं, आणि ते झाड पक्षी येतो त्याच महिन्यांत फुलेल असं बघायचं. सगळी मेहनत या क्रमातच आहे.

मी जुळे सोलापूरला राहते, पूर्वेची गॅलरी आणि वर गच्ची आहे. खाली लिहिलंय ते याच उन्हातलं आणि याच पाण्यातलं आहे. पुण्या-कोकणातला सल्ला इथे जसाच्या तसा वापरला की झाड मेपर्यंत जातं, माझी पहिली दोन तशीच गेली.

सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

ब्रोमेलियाड मूळचं अमेरिका खंडातलं, बहुतेकांच्या पानांचा मधोमध पाणी साठवणारा पेला होतो. तिकडे त्याच्या बऱ्याच जातींचं परागीभवन हमिंगबर्ड करतो, तो हवेत एका जागी थांबून, पंख फडफडवत रस पितो. भारतात हमिंगबर्ड नाही. कुणी "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" म्हणालं तर तो शिंजीर असतो, नाहीतर मग फुलावर तरंगणारा मोठा पतंग असतो. आपल्याकडे हे काम करू शकतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. सोलापुरात दोन दिसतात. एक जांभळा शिंजीर, त्याचा नर विणीच्या दिवसांत लांबून काळा वाटतो आणि उन्हात निळा-जांभळा चमकतो, एरवी तोच नर पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहते. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, त्याचं पोट पिवळं. दोघंही चिमणीपेक्षा बारीक, चोच खाली वाकलेली.

शिंजीर बसून पितो. थोडा वेळ फडफडत थांबू शकतो, पण ते त्याला जड जातं, बसायला जागा मिळाली तरच तो निवांत पितो. ब्रोमेलियाडचं फूल हवेत थांबणाऱ्या पक्ष्यासाठी घडलेलं, आपला पक्षी बसणारा, म्हणून मधली सोय आपल्याला करून द्यावी लागते. पुढे टप्पा ६ त्यासाठीच आहे आणि सगळ्यात जास्त लोकं तोच गाळतात.

आणखी एक. ब्रोमेलियाडचा जो लाल, गुलाबी, केशरी भाग आपल्याला फूल वाटतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल त्या पानांच्या आत, छोटं, निळं-जांभळं, पिवळं किंवा पांढरं, आणि एकेक फूल साधारण एकच दिवस टिकतं. बऱ्याच जातींत रंगीत पानं तीन-चार महिने तशीच राहतात. नर्सरीत तुम्ही घेता तेव्हा खरी फुलं बऱ्याचदा संपून गेलेली असतात. रंग आहे, रस नाही. पक्षी एकदा येऊन बघतो, काही मिळालं नाही की परत येत नाही.

टप्पा १: आधी पक्षी आणा (जून ते नोव्हेंबर)

पहिला पाऊस पडला की ब्रोमेलियाडचा विचार बाजूला ठेवा आणि शिंजिराला ओळखीची झाडं लावा. कुंडीत चालणारी, आपल्या उन्हात टिकणारी आणि रस देणारी: जास्वंद (साधी, पाच पाकळ्यांची, डबल जास्वंदीत पाकळ्यांची गर्दी होते आणि चोच जात नाही), रुग्मिणी, हॅमेलिया, रशेलिया, टेकोमा, कोरफड. कोरफडीला लोकं फुलझाड समजतच नाहीत, पण थंडीत तिचा दांडा वर आला की शिंजीर त्याच्यावर उलटा लटकून पितो, आणि कोरफडीला आपल्याकडे पाण्याचं काही वाटत नाही. जमीन असेल तर एक डाळिंब लावा, सोलापूरला डाळिंब लाव म्हणून सांगावं लागत नाही म्हणा. घाणेरी मात्र मुद्दाम लावू नका, पक्षी येतात हे खरं आहे, पण ती पसरते आणि आजूबाजूचं माळरान गिळते.

एकाच जागी तीन-चार कुंड्या घोळक्याने ठेवा. गच्चीभर विखुरलेल्या कुंड्यांपेक्षा घोळका पक्ष्याला लवकर सापडतो. आणि शिंजीर ठरलेल्या रस्त्याने फिरतो, ठरलेल्या वेळा पाळतो, त्यामुळे कुंड्यांची जागा सारखी बदलू नका.

फवारणी बंद. ही अट आहे, सूचना नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मुळातून झाडभर जातात आणि फुलातल्या रसातही उतरतात. शिवाय शिंजीर नुसता रसावर जगत नाही, तो कोळी आणि किडे खातो, आणि पिल्लांना तर मुख्य किडेच भरवतो. किडे मारलेत की त्याचं घर चालत नाही. त्याच कारणासाठी कोपऱ्यातली सगळी कोळ्याची जाळी झाडून टाकू नका, घरटं विणायला त्याला तीच लागतात.

साखरपाण्याची बाटली लावू का, हे सगळेच विचारतात. माझं मत, लावू नका. आपल्या उन्हात साखरपाणी दुपारपर्यंत आंबायला लागतं, रोज धुऊन बदलणं दहा दिवसांनी सुटतं, आणि मुंग्या वेगळ्याच. ज्यांनी लावलीच आहे त्यांनी एक भाग साधी साखर, चार भाग पाणी, रोज सकाळी ताजं. गूळ नको, मध नको, रंग नको, शुगर-फ्री गोळ्या तर अजिबात नकोत.

तपासून बघा: सलग आठ दिवस सकाळी ७ ते ९ मध्ये किमान एकदा शिंजीर तुमच्या घोळक्यावर आला का? आला तरच पुढे जा. नाही आला तर अजून एक महिना थांबा. इथे घाई केलेली पुढे भरून निघत नाही.

टप्पा २: कुठलं ब्रोमेलियाड घ्यायचं

नर्सरीत ९० टक्के वेळा ग्युझमेनिया हातात देतात, कारण ते दिसायला भारी. सोलापूरसाठी सुरुवातीला ते घेऊ नका. त्याला ओलसर हवा लागते, आपल्याकडे मार्चपासून हवेत ओल नसतेच, पानांची टोकं तपकिरी होऊन आत सरकत जातात.

माझा क्रम असा आहे:

१. बिलबर्जिया. दणकट, पिल्लं (बुंध्याशी फुटणारी नवी रोपं) भराभर देतं, फुलं नळीसारखी, रस भरपूर, शिंजिराच्या चोचीला बरोब्बर. एकच अडचण, बहर आठ-पंधरा दिवसांत आटोपतो, म्हणून एक कुंडी पुरत नाही, चार-पाच हव्यात.

२. एकमिया. चंदेरी पट्ट्यांची पानं, गुलाबी तुरा, त्यात छोटी निळी-जांभळी फुलं रोज थोडी थोडी उघडतात. पक्ष्याला रोज यायचं कारण मिळतं.

३. डिकिया. ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे, सावली नाही, त्यांनी हेच घ्यावं. काटेरी, उन्हाला आणि कमी पाण्याला घाबरत नाही, उंच दांड्यावर केशरी-पिवळी फुलं येतात. याच्या पानांत पाणी साठत नाही म्हणजे डासांचाही प्रश्न नाही. काटे मात्र खरोखर हात फाडतात, लहान मुलांच्या उंचीवर ठेवू नका.

४. अननस. हो, अननसही ब्रोमेलियाडच. बाजारातल्या अननसाचा शेंडा पिळून काढा, खालची पानं सोलून दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि लावा. फुलायला दीड-दोन वर्षं लागतात, पण पैसे शून्य आणि पाणी घालायचा हात यावर बसतो.

निओरेजेलिया छान दिसतं, पण त्याची फुलं मधल्या पाण्यात बुडालेली असतात, शिंजिरासाठी मी ते सुचवत नाही.

सावधान: एकाच झाडाची पिल्लं वाटून घेऊन "माझ्याकडे पाच झाडं आहेत" असं धरू नका. ती पाचही मुळात एकच झाड आहे. काही जातींत स्वतःच्या परागाने बी धरत नाही, आणि पिल्लांचा एकमेकांवरचा पराग हा स्वतःचाच पराग ठरतो. अननसाचंच बघा, शेतभर एकाच वाणाची झाडं असतात म्हणून आपण खातो त्या अननसात बिया नसतात. हवाई बेटांवर हमिंगबर्ड आणायला बंदी आहे ती याच्याच काळजीपोटी, पक्ष्यांनी पराग इकडचा तिकडे केला तर अननसात बिया भरतील. तर बी हवं असेल तर निदान दोन वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या झाडांची पिल्लं आणा.

टप्पा ३: कुंडी, भरण आणि जागा

काळी माती नको. आपल्याकडे हात आपोआप काळ्या मातीकडे जातो, ती पाणी धरून ठेवते आणि ब्रोमेलियाडचा बुंधा आठ-दहा दिवसांत सडतो. याची मुळं मुख्यतः झाडाला धरून ठेवायला असतात, पाणी बरंचसं पानं पितात.

भरण: नारळाच्या शेंडीचे तुकडे दोन भाग, लोणारी कोळशाचे बारीक तुकडे एक भाग, विटांचे तुकडे एक भाग. कोकोपीट वापरणार असाल तर दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. डिकियासाठी वेगळं, मुरूम आणि जाड वाळू अर्धी-अर्धी, वर मूठभर शेणखत पुरतं.

कुंडी लहान घ्या, सहा इंची. मोठ्या कुंडीत भरण ओलं राहतं. पण लहान कुंडीतलं झाड वरून जड होऊन कलंडतं, म्हणून कुंडी आणखी एका जड कुंडीत बसवा.

झाड लावताना जिथे पानं सुरू होतात तिथपर्यंतच भरण यायला हवं. पानांचा बुंधा पुरलात की सडलाच समजा.

जागा: पूर्वेची गॅलरी, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, नंतर सावली. गच्चीवर असेल तर बिलबर्जिया-एकमियाला ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट, ग्युझमेनिया घेतलंच असेल तर ७५ टक्केची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नेट बांधून झालीच पाहिजे, पारा चाळीसला पोचल्यावर बांधून उपयोग नाही, एका दुपारीत पान भाजतं. आणि नेट अशी बांधा की बाजूने पक्ष्याला आत-बाहेर करता येईल, चारही बाजूंनी बंद केलीत तर तो येणार कुठून. नेटचे सुटे धागे कापून टाका, पाय अडकतो. झाडांत कुठे पतंगाचा मांजा लटकत असेल तर तो आधी काढा.

तपासून बघा: दुपारी तीन वाजता मधल्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवा. आंघोळीच्या पाण्यासारखं गरम लागलं तर झाड आतून शिजतंय, कुंडी आजच हलवा.

टप्पा ४: पाणी (इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात)

सोलापुरात नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मग आपण बोअरवर भागवतो, आणि बोअरचं पाणी जड. ब्रोमेलियाडच्या पेल्यात ते पाणी उन्हाने आटतं आणि क्षार तिथेच राहतात. पुन्हा घालतो, पुन्हा आटतं. महिनाभरात पानांच्या कडेला पांढरी पुटं दिसतात आणि आतला कोंब जळतो. लोकं म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही, मीठ लागलं.

१. पावसाचं पाणी साठवा. पहिले दोन पाऊस सोडून द्या, गच्ची धुऊन निघते, मग भरा. दोन ड्रम भरले तर पाच-सहा कुंड्यांना खूप दिवस पुरतात. ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधाच.

२. ते नसेल तर नळाचं पाणी, उघड्या बादलीत एक रात्र ठेवलेलं. बोअरचं पाणी शेवटचा पर्याय. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतं, दोनशेच्या आत असेल तर बिनधास्त वापरा.

३. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी घालू नका. पाणी वाचवायची भावना मला कळते, मीही ते फरशी पुसायला वापरते, पण त्यात क्षार अजून जास्त असतात.

४. तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी नको, तांब्याची तार कुंडीला बांधू नका, आणि बोर्डो मिश्रण किंवा कॉपरचं कुठलंही बुरशीनाशक याच्या आसपास फवारू नका. तांबं या झाडांना विष आहे. तुळशीला घालतो तोच तांब्या पुढे सरकवून याच्यात ओततो, सवयीने होतं ते, म्हणून याला वेगळा प्लास्टिकचा मग ठेवा.

५. उन्हाळ्यात पाणी सूर्य मावळल्यावर घाला. पेला काठोकाठ नको, एक-दीड इंच पुरे.

आता डास. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ब्रोमेलियाडचा पेला त्याला अगदी सोयीचा. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, कधी त्याहून कमी. म्हणून दर तीन-चार दिवसांनी कुंडी आडवी करून सगळं पाणी ओतून टाकायचं, पाइपने आत जोरात धार मारून पुन्हा उलटं करायचं, मग ताजं पाणी. वार ठरवून घ्या, आमच्याकडे बुधवार-रविवार. ओतलेलं पाणी जास्वंदीला जातं, वाया जात नाही. गावाला जाणार असाल तर पेला पूर्ण रिकामा करून फक्त भरण ओलं करून जा, झाड आठ-दहा दिवस सहज काढतं.

सावधान: डासांसाठी पेल्यात रॉकेल, खाद्यतेल, फिनेल, काहीही टाकू नका. पानांवरच्या बारीक खवल्यांतून हे झाड पाणी पितं, तेलाने ते खवले बंद होतात. आणि तेच पाणी शिंजीर पितो, कधीकधी त्यातच आंघोळ करतो.

खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. वेळ लागतो, पण औषध न मारता होतं.

टप्पा ५: फूल वेळेवर आणा

जांभळा शिंजीर सगळ्यात जास्त धावपळीत असतो तो फेब्रुवारीपासून मेपर्यंत, विणीच्या दिवसांत. तुमचं झाड ऑगस्टमध्ये फुललं तर वाईट नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललं तर भेट जास्त होते. त्यासाठी सफरचंदाची युक्ती आहे, आणि ती खरी आहे: पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, तो लागला की वाढ पूर्ण झालेलं ब्रोमेलियाड फुलायला लागतं.

१. दिवाळी झाली की सुरू करा. फार थंडी पडल्यावर केलं तर झाड मंद असतं.

२. झाड पूर्ण वाढलेलं हवं, पिल्लू वेगळं करून साधारण दीड-दोन वर्षं झालेलं. अर्धवट झाडावर करू नका, फुलतच नाही किंवा फुललं तरी काडीसारखं मरतुकडं.

३. पेल्यातलं पाणी पूर्ण ओता. ही पायरी विसरली की आतला कोंब सडतो.

४. पिकलेलं सफरचंद कुंडीवर, भरणाशेजारी ठेवा. पूर्ण झाड कुंडीसकट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड सैल बांधा.

५. सावलीत ठेवा, सात ते दहा दिवस. उन्हात ठेवलेली पिशवी म्हणजे भट्टी.

६. पिशवी काढा, सफरचंद फेका, पेल्यात पाणी भरा, झाड जुन्या जागी.

फूल दिसायला दीड ते साडेतीन महिने लागू शकतात, बिलबर्जिया आधी, बाकीचे नंतर. सगळ्या कुंड्यांवर एकाच दिवशी करू नका, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने करा म्हणजे बहर लांबतो. डिकियावर हा उद्योग करू नका, ते आपल्या वेळेने फुलतं.

एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवायची. बिलबर्जिया, एकमिया, ग्युझमेनिया यांचं जे झाड फुलतं ते आयुष्यात एकदाच फुलतं, मग हळूहळू सुकत जातं, वर्षभर किंवा जास्तही लागतं, आणि तेवढ्यात बुंध्याशी पिल्लं देतं. त्यामुळे फुलल्यानंतर झाड पिवळं पडायला लागलं म्हणून खतांचा मारा करू नका, उपटून फेकूही नका.

टप्पा ६: बसायला दांडी द्या

फुलाचा तुरा वर यायला लागला, अजून एकही फूल उघडलं नाही, तेव्हाच दांडी लावायची. फुलं उघडल्यावर लावली तर पहिले दोन-तीन दिवस पक्षी नव्या वस्तूला बिचकतो आणि बिलबर्जियाच्या बाबतीत दोन-तीन दिवस म्हणजे बराच बहर गेला.

बोरीची, डाळिंबाची किंवा कशाचीही सुकी फांदी चालेल, पेन्सिलीपेक्षा बारीक, साल खरखरीत. लोखंडी सळी किंवा तार नको, आपल्या उन्हात ती चटके देते. फांदी कुंडीत तिरकी रोवा, टोक तुऱ्यापासून चार-पाच इंचांवर, तुऱ्याच्या किंचित खालच्या उंचीला, म्हणजे पक्षी बसून मान पुढे करतो आणि चोच सरळ फुलात जाते. फार जवळ लावली तर तो बाजूने चोच घालतो आणि कपाळाला पराग लागत नाही. दोन बाजूंना दोन लावल्या तर आणखी चांगलं.

मग कुंडी उचलून टप्पा १ च्या घोळक्यात, जास्वंद किंवा रुग्मिणीला खेटून ठेवा. त्याच्या रस्त्यातच.

तपासून बघा: दांडी हलते का? बोटाने टिचकी मारा. डुगडुगत असेल तर तो बसणार नाही, मुळाशी विटेचा तुकडा ठोका.

टप्पा ७: फूल उघडल्यावरचे दिवस

आता हात मागे. सकाळी सातपासून दहापर्यंत तिकडे वर्दळ कमी, कपडे वाळत घालायची दोरी दुसरीकडे. चार-पाच मीटरवर बसून बघा, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका.

काय बघायचं: चोच फुलाच्या तोंडातून जाते की फूल बुडाशी टोचून? हे महत्त्वाचं. शिंजीर हुशार आहे, लांब नळीच्या फुलाला बुडाशी भोक पाडून रस काढून घेतो, त्यात परागीभवन होत नाही. नळीच्या बुडाशी बारीक चीर किंवा भोक दिसलं तर हाच प्रकार. उपाय म्हणजे दांडी थोडी पुढे-वर सरकवणं, म्हणजे फुलाचं तोंड त्याच्या समोर येतं. दर वेळी जमतं असं नाही, काही पक्ष्यांना ती सवयच लागलेली असते.

सगळं बरोबर झालं तर पक्ष्याच्या कपाळावर, चोचीच्या मुळाशी पिवळी पूड दिसते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चहा गार होईपर्यंत तिथेच बसून होते. जांभळ्या नराच्या काळ्या कपाळावर ती उठून दिसते, मादीवर नीट बघावं लागतं.

टप्पा ८: पराग खरंच पोचला का

पक्षी आला म्हणजे काम झालं असं नाही. मधमाश्या आणि मुंग्याही येतात, काही झाडं स्वतःच स्वतःचं उरकतात. कळायचं असेल तर कळ्या उघडायच्या आधी तीन गट करा.

पहिल्या काही कळ्यांवर मलमलीची छोटी पिशवी, तोंड दोऱ्याने बांधून. आत कुणीच जाणार नाही. दुसऱ्या काही कळ्यांभोवती एक सेंटीमीटर भोकांच्या जाळीचा मोकळा पिंजरा, फुलापासून तीन-चार इंच लांब धरलेला, मधमाशी जाईल पण शिंजिराची चोच पोचणार नाही. तिसरा गट उघडा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, नाहीतर आठ दिवसांनी कुठलं कुठलं ते आठवत नाही.

फूल सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बुडाचा भाग बघा. फुगला आणि घट्ट असेल तर बी धरलं. सुकून हाताने निघून आला तर नाही. पिशवीतलं पण धरलं असेल तर तुमच्या झाडाला पक्ष्याची गरजच नाही. उघडं धरलं आणि जाळीतलं नाही, तर ते शिंजिराचं काम म्हणायला हरकत नाही. तिन्ही गटांत काहीच नाही, तर बहुतेक एकाच आईची पिल्लं किंवा नर्सरीतली वांझ संकरित जात.

टप्पा ९: पक्षी आला नाही तर हाताने

सकाळी नऊ ते अकरा. चित्रकलेचा बारीक कोरडा ब्रश, एका झाडाच्या फुलातली पिवळी पूड उचला आणि दुसऱ्या, वेगळ्या झाडाच्या फुलात मधोमध पुढे आलेल्या चिकट टोकावर टेकवा. घासायचं नाही. प्रत्येक जातीला वेगळा ब्रश. दुपारी करून काही मिळत नाही, आपल्याकडे तोवर पराग सुकतो. त्या फुलालाही दोरा बांधा.

टप्पा १०: बी आणि पिल्लं

बिलबर्जिया-एकमियाला छोटं गरदार फळ धरतं. मऊ होऊन रंग बदलला की काढा, चिकट गर पाण्यात चोळून धुवा, बी कागदावर सुकवा आणि लगेच पेरा, डब्यात ठेवून देऊ नका. ग्युझमेनियाचं बोंड सुकून उकलतं आणि आतून कापसासारखे तंतू असलेलं बी उडतं, म्हणून उकलायच्या आधी त्यावर मलमल बांधा. डिकियाचं बोंडही सुकं.

बी पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. धुतलेल्या कोकोपीटवर नुसतं पसरा, फवाऱ्याने ओलं करा, पारदर्शक झाकणाच्या मिठाईच्या डब्यात ठेवा, सावलीत. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. रोज दहा मिनिटं झाकण उघडा, नाहीतर बुरशी. फुलायच्या आकाराचं झाड व्हायला काही वर्षं जातात, आणि संकरित झाडाचं बी आईसारखं निघेलच असं नाही.

पिल्लं मात्र लवकर कामाला येतात. आईच्या निम्म्या उंचीची झाली की पावसाळ्यात धारदार सुरीने वेगळी करा, कापलेली बाजू दोन दिवस सुकू द्या. मार्च ते मे पिल्लं काढू नका, मुळं धरायच्या आत सुकतात. जवळच्या कुणाशी वेगळ्या आईचं पिल्लू अदलाबदल करा, टप्पा २ मधली अडचण तिथेच सुटते.

मध्येच उद्भवणाऱ्या दोन गोष्टी

नर शिंजीर खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर टोचा मारत बसतो. त्याला स्वतःचं प्रतिबिंब दुसरा नर वाटतो आणि तो दिवसभर भांडून दमतो. काचेवर बाहेरून जुनं सुती कापड लावा, आरशावर पिशवी घाला, विणीचे दिवस संपेपर्यंत.

दुसरं, त्याने घरटं तुमच्याच गॅलरीत बांधलं तर. लटकती पिशवी असते, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली, कचऱ्यासारखी दिसते, दार बाजूला. वायरला, वेलीला, कधी टांगलेल्या कुंडीलाच. ती कुंडी मग हलवायची नाही, पेला धुवायलाही नाही, घरटं असेपर्यंत त्या एका कुंडीचा पेला स्पंजने टिपून कोरडा ठेवा आणि फक्त भरणाला कडेने पाणी द्या. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, नंतर पिल्लं उडायला अजून तेवढेच. मांजर चढेल असं स्टूल, शिडी, कठडा खालून काढा. फोटो काढायचा मोह आवरा, मादी दोनदा बिचकली तर घरटं सोडू शकते. पिल्लं उडून गेली की आठ दिवस थांबा, मग कुंडी उतरवा आणि बुधवार-रविवार परत सुरू करा.